स्वस्त म्हणजे किती वर्षे?

२०२५ च्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के कर आणि वर उपकर होता. तो सरळ १८ टक्क्यांवर आला. एसी आणि मोठे टीव्हीही त्याच पायरीवर उतरले. मारुतीची एस-प्रेसो शोरूमच्या भावाने साडेतीन लाखांपासून मिळू लागली आणि दसरा-दिवाळीच्या जाहिरातींना ऊत आला. तीनच आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मिळणारी नियमित मोफत सुरक्षा अपडेट्स थांबवली. या दुसऱ्या तारखेची चर्चा संगणकवाल्यांच्या पलीकडे फारशी गेली नाही. वास्तविक उपनगरांतले क्लासेस, सीएंची कार्यालये, झेरॉक्सची दुकाने, सोसायट्यांची ऑफिसे आणि असंख्य घरे यांतले धडधाकट लॅपटॉप त्या दिवशी कागदोपत्री म्हातारे झाले. कालपर्यंत ते चालत होते, आजही चालतात; बनवणाऱ्याने मात्र हात वर केले आहेत. वस्तू घेताना वाचलेल्या दहा हजारांचा आपल्याला आनंद होतो, आणि चालती वस्तू मुदतीआधी बाद होते तेव्हा गेलेले पंचवीस हजार आपण नशिबाच्या खात्यावर टाकतो. पाटीवर छापलेली किंमत हा व्यवहाराचा अर्धाच आकडा आहे. वस्तू किती वर्षे चालवता येईल आणि बिघडली तर ती कोण उघडू शकेल, हा उरलेला अर्धा आकडाही त्याच पाटीवर छापायला कंपन्यांना भाग पाडले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

फोनपासून सुरुवात करू, कारण तो आता हौसेची वस्तू राहिलेला नाही. लोकलचे तिकीट, घाटकोपर-वर्सोवा मेट्रोचा क्यूआर कोड, भाजीवाल्याचे यूपीआय, बँकेचा आणि आधारचा ओटीपी, सोसायटीच्या गेटवरची परवानगी, सगळे त्यातून जाते. समजा बारा हजारांच्या फोनला दोन वर्षेच सुरक्षा अपडेट्स मिळणार असतील, तर त्याची खरी किंमत वर्षाला सहा हजार झाली. सॅमसंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेला गॅलेक्सी ए१६ ५जी सुरुवातीला १८,९९९ रुपयांपासून होता आणि त्याला सहा वर्षांच्या अपडेट्सचे वचन होते. म्हणजे वर्षाला सव्वातीन हजारांच्या आत. दुकानात मात्र पहिला फोन 'बजेट' आणि दुसरा 'जरा वरचा' म्हणून ओळखला जातो. अपडेट्स बंद झाली म्हणून फोन दुसऱ्या दिवशी मरत नाही, हे खरे. तो हळूहळू मरतो. आधी एखादे बँकेचे ॲप जुन्या अँड्रॉइडवर चालायला नकार देते, मग व्हॉट्सॲप, मग तिकिटाचे ॲप. ज्याच्याकडे दुसरा फोन घ्यायला पैसे नाहीत त्याच्यावरच हे आधी कोसळते, कारण सर्वांत कमी मुदतीचे फोन त्यालाच विकलेले असतात. आणि 'महिन्याला फक्त अमुक रुपये' अशा हप्त्यांच्या भाषेत किंमत सांगितली की वर्षांचा हिशेब करण्याचे भानही राहत नाही.

हा विचार मुंबईच्या उपनगरांना नवा वाटू नये. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यात होता. तिथून आधी फिएटच्या गाड्या निघाल्या आणि सत्तरच्या दशकापासून त्याच गाडीचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगला लागून गिअरचा दांडा, आणि पावसात हमखास रुसणारी गाडी. तिला महान यंत्र म्हणण्याचे कारण नाही. परवाना राज्यात ग्राहकाला दुसरा पर्याय नव्हता आणि नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. पण एक गोष्ट पाहा. २००० च्या सुमारास कुर्ल्यातले उत्पादन थांबले. टॅक्सी म्हणून ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची, आणि वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून ती रस्त्यावरून उतरली ऑक्टोबर २०२३ अखेर. उत्पादन थांबल्यावरही दोन दशके ही गाडी रोज कष्टाचे भाडे मारत होती. ते शक्य झाले कारण तिचा प्रत्येक भाग सुटा मिळत होता, तो बसवणारा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर होता आणि गाडी उघडायला कंपनीची परवानगी लागत नव्हती. एवढेच नव्हे, पेट्रोलसाठी घडवलेल्या याच गाड्यांना पुढे सीएनजीची किट बसली. प्रदूषणाचा प्रश्न आला तेव्हा आख्खी गाडी भंगारात न काढता तिचे इंधन बदलता आले. उघडता येणाऱ्या यंत्राचा हा गुण फार कमी वेळा सांगितला जातो: त्याला काळाप्रमाणे सुधारता येते.

आजच्या गाडीत असे काही करून पाहा. पूर्वी डॅशबोर्डमधला टेप बिघडला तर तो काढून दुसऱ्या कंपनीचा बसवायला अर्धा तास पुरे. खाच ठरावीक मापाची असे. आता त्या जागी टचस्क्रीन आली आहे. अनेक मॉडेलांत एसीपासून गाडीच्या सेटिंग्जपर्यंत बरेच काही तिच्याच पोटात असते, आणि ती गेली की अख्खा संच कंपनीकडूनच. किल्ली हरवली तर नाक्यावरच्या चावीवाल्याला एकट्याने काही करता येत नाही, कारण किल्लीतली चिप गाडीच्या संगणकाशी जुळवावी लागते. बिघाडाचा दिवा लागला तर तो कशामुळे लागला हे सांगणारे पूर्ण तपशील वाचायला कंपनीचेच स्कॅनर लागते. यातले काही तंत्रज्ञानाच्या ओघात आले, हे मान्य. पण सगळेच तसे आले नाही, आणि हे मी एकटा म्हणत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे खुल्या बाजारात मिळू न देणे, स्वतंत्र गॅरेजांना माहिती नाकारणे आणि बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी जाईल अशी भीती घालणे, हा ठपका होता. टाटा, मारुती, महिंद्रा यांच्यासह परदेशी कंपन्याही त्या यादीत होत्या. कंपन्यांनी अपिले केली, प्रकरण वरच्या पायऱ्यांवर गेले आणि जनतेच्या विस्मरणात गेले. परंतु एका वैधानिक संस्थेने पुरावे तपासून काढलेला निष्कर्ष स्पष्ट आहे: गाडी विकून झाल्यावर ग्राहकाला आपल्याच दारात बांधून ठेवणे हा या धंद्याचा भाग बनला आहे. चार लाखांची गाडी खरोखर चार लाखांची राहते की नाही, हे शोरूममध्ये ठरतच नाही. ते पाचव्या, आठव्या, बाराव्या वर्षी ठरते.

फोनच्या बाबतीत हे बांधून ठेवणे अधिक बारीक झाले आहे. बोरिवली स्टेशनबाहेरचे इंद्रप्रस्थ शॉपिंग सेंटर घ्या, अंधेरी किंवा घाटकोपर स्टेशनलगतच्या गल्ल्या घ्या, नाहीतर थेट ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड. चार फुटांच्या काउंटरमागे, भिंग आणि हॉट एअर गन घेऊन बसलेली पोरे मदरबोर्डवरचा तांदळाच्या कणीएवढा आयसी बदलतात. कागदावर ही मंडळी 'अनधिकृत'. त्यांच्या कौशल्यावर मात करायला कंपन्यांनी सॉफ्टवेअरचे कुलूप शोधले. स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा अशा भागांचा अनुक्रमांक मदरबोर्डशी बांधलेला असतो. दुसऱ्या फोनमधून काढलेला अगदी अस्सल भाग बसवला तरी फोन 'अनोळखी भाग' म्हणून इशारा देतो किंवा एखादी सोय बंद करतो. अमेरिकेच्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून नेमकी हीच पद्धत रोखली. त्याच वर्षी ॲपलनेही जुन्या अस्सल भागांबाबतचे नियम सैल केले. म्हणजे जे कालपर्यंत 'सुरक्षेसाठी अपरिहार्य' होते, ते कायद्याचा वारा लागताच बदलता आले. युरोपीय महासंघात २० जून २०२५ पासून फोनच्या खोक्यावर ऊर्जेच्या पट्टीबरोबर दुरुस्तीची श्रेणी छापावी लागते. मॉडेलची विक्री थांबल्यापासून निदान पाच वर्षे अपडेट्स आणि सात वर्षे सुटे भाग देणे बंधनकारक आहे. यातले बरेचसे फोन तेच, जे आपल्याकडे विकले जातात. तिथल्या ग्राहकाला कळते की या फोनला दुरुस्तीत कोणती श्रेणी मिळाली. मुलुंडच्या ग्राहकाला तोच फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल तेवढे सांगितले जातात.

आता पुन्हा त्या १४ ऑक्टोबरकडे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि, इंटेलचा प्रोसेसर असेल तर, साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा अशी अट घातली. २०१७ मध्ये चांगले पैसे मोजून घेतलेला सातव्या पिढीचा लॅपटॉप त्यात बसत नाही. त्याला बॅटरी आणि एसएसडी घातली तर वर्ड, एक्सेल, टॅली, झूम, यूट्यूब यांत तो कुठेही कमी पडत नाही. अशा रीतीने जगभरात चोवीस कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ च्या अखेरीस मांडला होता. कंपनीने घरगुती ग्राहकांना एक वाढीव वर्ष दिले, पण त्यासाठी आपली सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवा, रिवॉर्ड पॉइंट द्या किंवा तीस डॉलर भरा, अशी अट. युरोपात ग्राहक संघटनांनी ओरड केल्यावर तिथल्यासाठी ती अट काढून टाकली. आपल्याकडे ओरडच झाली नाही. त्यात २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कडाडले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या सर्व्हरांकडे वळवला. मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा ब्रँड गुंडाळत असल्याचे डिसेंबरमध्ये जाहीर केले. म्हणजे जुना मोडीत काढून नवा घ्यायचा, तोही नेमका महाग होत असताना. त्या नव्या, पातळ लॅपटॉपांत बऱ्याचदा रॅम मदरबोर्डला सोल्डर केलेली असते. आज आठ जीबीवर भागवले तर उद्या सोळा करता येत नाही.

यावर उत्तर नाही असे नाही, आणि ते उत्तर पवईत बसले आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स, लिबर ऑफिस आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले आहेत, फुकट. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकले की सुरक्षा अपडेट्स पुन्हा सुरू होतात. युनिकोडमुळे मराठी टंकलेखनाचीही अडचण राहिलेली नाही. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर हा रस्ता सगळ्यांचा नाही. टॅलीवर बसलेल्या हिशेबनिसाला, सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीचे डोंगल वापरणाऱ्याला, जुन्या मराठी फॉन्टांत वर्षानुवर्षांच्या फायली साठवलेल्या डीटीपीवाल्याला 'लिनक्स टाका' हा सल्ला देणे सोपे आहे, त्यांनी तो पाळणे अवघड. तंत्रज्ञानाची आवड असलेल्यांनी एक खोड सोडायला हवी: आपल्याला जमणारी पळवाट म्हणजे समाजाची सोय असे समजण्याची. मोजक्या हौशींनी जुने यंत्र जगवले म्हणून बाकीच्यांना विकताना मुदत लपवण्याची मुभा कंपनीला मिळत नाही.

नुसती किंमत खाली आणून परवडणारी वस्तू तयार होत नाही, याचे दोन मोठे प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत झाले. लाखाची गाडी म्हणून टाटा नॅनो जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत दाखवली गेली, मार्च २००९ मध्ये मुंबईत तिची विक्री जाहीर झाली आणि १७ जुलै २००९ रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती रतन टाटांनी किल्ली दिली तीही मुंबईतच. ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन, चाकाला तीनच नट, एकच बाहेरचा आरसा: अभियांत्रिकी म्हणून ती चतुर गाडी होती. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची. मागणी एकाही वर्षी त्या आकड्याच्या जवळपास फिरकली नाही आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबले. 'सर्वांत स्वस्त' असा शिक्का मारून विकणे ही चूक झाली, हे पुढे खुद्द रतन टाटांनी मान्य केले. लोकांना स्वस्त नको होते असा अर्थ यातून काढला जातो. मला तो पटत नाही. त्याच पैशांत मध्यमवर्गाने जुनी मारुती ८०० किंवा सेकंडहँड वॅगन आर घेतली, कारण तिचा भाग कुठेही मिळतो, मिस्त्री कोणताही चालतो आणि पाच वर्षांनी विकली तर पैसे येतात. ग्राहकाने वर्षांचाच हिशेब केला होता, कुणी छापून दिला नसताना. दुसरा प्रयोग 'आकाश' टॅबचा. ऑक्टोबर २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी तो सादर केला. सरकारला सव्वादोन हजारांच्या आसपास पडणारा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम. पुढे प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. तोवर बाजार पुढे गेला होता. जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याची वाहवा झाली. तो किती वर्षे चालेल, त्याची बॅटरी कोण बदलेल, त्यावर पुढचे अँड्रॉइड येईल का, हे प्रश्न किमतीच्या टाळ्यांत ऐकूच आले नाहीत.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे. जुन्या वस्तू जगवायच्या म्हणजे एअरबॅग नसलेल्या, धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावर ठेवायच्या का? जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या बिनएअरबॅगच्या आवृत्त्या आपटून पाहिल्या: आल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे. अशा गाड्या पंचवीस वर्षे चालोत, असे मी म्हणणार नाही. पण पुढे काय झाले तेही पाहायला हवे. निकाल जाहीर होताच फोक्सवॅगनने पोलोत दोन एअरबॅग सर्व आवृत्त्यांत दिल्या आणि त्या पोलोला चार तारे मिळाले. सरकारने चालकाची एअरबॅग २०१९ पासून सक्तीची केली, ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत एनकॅप सुरू झाले, आणि आज आल्टो के१० सारख्या गाडीतही सहा एअरबॅग येतात. माहिती उघड झाली की वस्तू सुधारते, आणि हेच तर मी दुरुस्तीबद्दल मागतो आहे. धुराचे म्हणाल तर जुन्या गाडीची तपासणी कडक करा, नापास झाली तर मोडीत काढा. तो निर्णय मोजमापाने आणि कायद्याने व्हावा. सुटा भाग मिळेनासा झाला, सॉफ्टवेअर बंद केले म्हणून धडधाकट गाडी मोडीत जाणे, याला पर्यावरणाचे नाव देणे ढोंग आहे. नवी गाडी, नवा फोन बनवताना खाणीपासून कारखान्यापर्यंत जे जळते तेही त्याच हवेत जाते, आणि टाकून दिलेले साकीनाका, कुर्ल्याच्या भंगार गाळ्यांत कोणाच्या तरी उघड्या हातांनी फोडले जाते.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा: रस्त्यावरच्या दुरुस्तीत लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, ग्राहकाची खासगी माहिती चोरीला जाऊ शकते. धोका खरा आहे. पण तो वाढतो कशामुळे? अस्सल बॅटरी खुल्या बाजारात विकायचीच नाही असे ठरवले की काउंटरवर नक्कल येणारच. माहितीपुस्तिका लपवली की शिकाऊ पोरगा यूट्यूब पाहून अंदाजाने उघडणारच. विजेवरच्या गाड्यांत हा प्रश्न आणखी तीव्र होईल, कारण तिथे बॅटरी हाच गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा भाग असतो. २०२४ मध्ये एमजीने कॉमेट ही गाडी ४.९९ लाखांना आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे अडीच रुपये अशी योजना आणली, तेव्हा निदान बॅटरीचा खर्च वेगळा दिसू लागला. ही पारदर्शकता मला आवडली. उच्च दाबाच्या बॅटरीवर काम करणाऱ्याला प्रशिक्षण आणि परवाना असावा, यात वाद नाही. आयटीआयच्या अभ्यासक्रमातून ते जमण्याजोगे आहे. परवाना कंपनीच्या मर्जीवर असावा, हे मात्र मान्य करता येत नाही.

तिसरा आक्षेप गरिबाच्या नावाने येतो. सात वर्षांचे सुटे भाग आणि अपडेट्स सक्तीची केली तर दहा हजारांचा फोन बारा हजारांना जाईल, मग पहिल्यांदा फोन घेणाऱ्याने काय करायचे? किंमत थोडी वाढू शकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. उत्सर्जन आणि सुरक्षेच्या नियमांनी प्रवेशपातळीच्या गाड्या महागल्या आणि त्यांची विक्री रोडावली, हे आपण पाहिले आहे. म्हणूनच मी आज मुदतीची सक्ती मागत नाही, मुदत छापण्याची सक्ती मागतो. दोन वर्षेच अपडेट्स देणारा फोन खुशाल विका. खोक्यावर ठळक लिहा की दोनच वर्षे. ग्राहक असली लेबले वाचत नाही, असे म्हणणाऱ्यांनी फ्रिजच्या दारावरचे तारे आठवावेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ मध्ये ती पट्टी ऐच्छिक म्हणून सुरू केली, २०१० पासून एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना ती सक्तीची झाली. वीजबिलाच्या धाकाने का होईना, आज उपनगरातली गृहिणी एसी घेताना 'फाइव्ह स्टार आहे का' हे आधी विचारते. दुकानदारालाही मग त्याच भाषेत बोलावे लागले.

आणि यासाठी शून्यातून सुरुवात करायची नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. पुढे भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा आराखडा सरकारला दिला: आधी फोन आणि टॅब, पाच गुणांची श्रेणी, सुटे भाग, उघडण्याची सोय, अवजारे, माहिती आणि सॉफ्टवेअर अपडेट्स यांवर आधारलेली, दुकानात आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमधून दिसणारी. आराखडा चांगला आहे. तो सक्तीचा करून लॅपटॉप आणि मोटारींपर्यंत नेणे, एवढे काम उरते, आणि आपल्याकडे 'एवढेच' उरलेले काम वर्षानुवर्षे तसेच राहते. दिल्लीची वाट न पाहता महाराष्ट्राला एक गोष्ट लगेच करता येईल. राज्य सरकार आणि महापालिका हे स्वतःच मोठे गिऱ्हाईक आहेत. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या हजारो विद्यार्थ्यांना टॅब दिले. २०१८ मध्ये आठवीचा अभ्यासक्रमच बदलला, म्हणजे टॅबमधला जुना अभ्यासक्रम मागे पडला. अशा प्रत्येक खरेदीच्या निविदेत सर्वांत कमी दराबरोबर अपडेट्सची वर्षे, बॅटरी बदलण्याचा खर्च आणि सुट्या भागांची हमी यांना गुण दिले, तर कंपन्या लेबल आपणहून छापतील. दुसरे, जीएसटी परिषदेत राज्याने दुरुस्तीचा प्रश्न मांडावा. नवा फोन घेतला तरी १८ टक्के, नोंदणीकृत केंद्रात जुना दुरुस्त केला तरी १८ टक्के, ही रचना दुरुस्तीच्या विरुद्ध जाते. ऑस्ट्रियाने २०२२ पासून दुरुस्तीच्या निम्म्या बिलाचा, दोनशे युरोपर्यंतचा, भार उचलला. आपण निदान कर तरी कमी करावा.

तोवर दुकानात उभे असताना विचारायचे प्रश्न आपल्या हातात आहेत. या फोनला सुरक्षा अपडेट्स कोणत्या साला-महिन्यापर्यंत आहेत, या लॅपटॉपची रॅम आणि बॅटरी बदलता येते का, या गाडीचा टचस्क्रीन गेला तर किती रुपये आणि किती दिवस. उत्तर तोंडी मिळाले तर ते बिलावर किंवा ईमेलवर लिहून मागा. विक्रेता लिहून द्यायला तयार नसेल, तर त्या वस्तूची किंमत पाटीवर आहे त्यापेक्षा जास्त आहे असे धरून चाला. लिहून दिलेले पाळले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे मराठीतही तक्रार नोंदवता येते.